गावाबाहेरचं गोल टेकाड: थडगं की पांढरी (जुन्या वस्तीची जागा)? (चाचणी उत्खननाची हकिकत)

गिरणाकाठचा

नमस्कार मंडळी.

या उन्हाळ्यात आमच्या चाळीसगावकडच्या एका गावाबाहेरच्या टेकाडावर विद्यापीठाच्या पथकाने चाचणी उत्खनन केलं. मी पेशाने मोजणीवाला, त्यामुळे टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) खांद्यावर टाकून तिथे पडेल ते काम करत होतो. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. खंतीत, म्हणजे उत्खननाच्या चरात, उभं राहून जे पाहिलं आणि पथकातल्या लोकांना विचारून विचारून जे समजून घेतलं, तेवढंच इथे मांडतो. गावाचं नाव देणार नाही. एक तर गुप्तधनवाल्यांना पत्ता कळायला नको, आणि अहवाल ज्यांचा आहे त्यांच्या आधी मी बोभाटा करणं बरं नाही.

टेकाड बऱ्यापैकी गोल. उंची दोन पुरुष, रुंदी चाळीसेक पावलं. गावापासून लांब, ओढ्याच्या वळणावर. माथ्यावर निंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा. कडेने काळ्या दगडांचं अर्धवट कडं. मध्यंतरी शेजारच्या शेताची लेव्हल करताना जेसीबीने टेकाडाची एक कूस खरवडली आणि त्यात राख, खापरं, हाडं निघाली. मग काय, गावात एकच चर्चा: हे जुन्या राजाचं थडगं. राजा कोणता, तर अर्थात गवळी राजा. खानदेशात मालक सापडत नाही अशी प्रत्येक जुनी वास्तू शेवटी गवळी राजाच्या नावावर चढते.

पण थडग्याचा संशय फक्त गावाचा नव्हता. गोल आकार, दगडांचं कडं आणि हाडं या तीन गोष्टी एकत्र आल्या की विदर्भातल्या शिळावर्तुळांची (दगडांच्या गोल कड्यातल्या प्राचीन दफनांची) आठवण कुणालाही येईल. म्हणून पथक आलं.

असल्या टेकाडाच्या मधोमध खड्डा मारत नाहीत. रीतसर पद्धत अशी की दोऱ्या लावून टेकाडाचे चार भाग पाडायचे आणि समोरासमोरचे दोनच भाग खणायचे. मधल्या मातीच्या भिंती तशाच उभ्या ठेवायच्या, म्हणजे टेकाडाचा आरपार छेद दोन दिशांनी बघायला मिळतो. आमचं काम चाचणीपुरतं होतं, त्यामुळे दोन भाग खणण्याचाही प्रश्न नव्हता. एक अरुंद लांब खंत कडेपासून मध्याच्या दिशेने, एक लहान खंत दगडांच्या कड्यावर, आणि एक टेकाडाबाहेरच्या सपाट जमिनीत, तुलनेसाठी. चाचणीला विचारायचे प्रश्न मोजकेच असतात. हे माणसाने केलंय का? एका दमात की हळूहळू? साधारण कुठल्या काळात? पुढे मोठं काम काढण्याजोगं आहे का? सोनं, राजा, वंशावळ हे त्यात बसत नाही.

म्हसोबामुळे माथा सोडावा लागला. ग्रामपंचायतीने तशी अटच घातली होती. पहिल्या दिवशी नारळ फुटला, मग खुंट्या ठोकल्या.

छेदात काय दिसलं ते खाली प्रतिसादात लिहितो.

वाघूर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). फोटो टाकता येतील का?

गिरणाकाठचा

फोटो नाहीत, पथकाच्या परवानगीशिवाय टाकणार नाही. शब्दांवर भागवून घ्या.

तापीवरचा_भो

आमना गावना शिवारमा बी आशी टेकडी शे भो. म्हतारा मानसं सांगतस, तठे सोनानी हांडी पुरेल शे. रातले कोनी ना कोनी खंदी जास. तुमना टेकाडमा काही सोनं-बिनं निंघनं का?

गिरणाकाठचा

नही भो. राख निंघनी, खापरं निंघनात, हाडं निंघनात. सोनं म्हणाल तर पथकातल्या एका मुलीच्या कानातला डूल चाळणीत पडला, तो तेवढा सापडला. :)

गंमत सोडा, पण तिथेही एक जण 'पायाळू माणूस घेऊन येतो, तो बरोबर जागा दाखवतो' म्हणून मागे लागला होता. तुमच्या टेकडीवर रात्री कुणी खणत असेल तर तहसीलदारांच्या कानावर घालाच. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे, अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही सापडलं की ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची आहे, ती कुणी बदलली नाही. आज एक फुटकं मडकंसुद्धा त्यात बसेल.

शंकासुर

जेसीबीने थर उधळल्यावर पुरातत्त्ववाले जागे झाले, नेहमीचंच. शिवाय एवढ्या मोठ्या टेकाडात हातभर रुंदीची खंत मारून 'हे थडगं नाही' असं कोण कशावरून ठरवणार? शेजारी दोन हातांवर राजा झोपलेला असेल.

वऱ्हाडी_ठेचा

शंकासुरांशी सहमत, आणि माझा कौल थडग्यालाच. आमच्या नागपूरजवळच्या जुनापाणीला या, शेकडो शिळावर्तुळं आहेत. रिव्हेट-कर्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इंग्रजी अमदानीतच ती उकरून पाहिली होती. माहुरझरीला घोड्याची हाडं मिळाली, सोबत घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. गोल टेकाड, कडेने दगड, आत हाडं, अजून काय पाहिजे? वर्तुळं खानदेशच्या वेशीपाशी येऊन थांबली असतील असं थोडीच आहे!

खापरखुणा

मी या विषयाची विद्यार्थिनी आहे (पथकात नव्हते), म्हणून थोडं विस्ताराने.

वऱ्हाडी_ठेचा, विदर्भातली वर्तुळं इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. त्यांची बांधणी ठरलेली असते. बाहेर मोठ्या धोंड्यांचं पूर्ण कडं, आत दगडगोटे आणि माती यांचा भराव, त्याखाली मृताचे अवशेष, भांडी, लोखंडी हत्यारं. आतला भराव उंचीने फार नसतो. दोन पुरुष उंच मातीचं टेकाड हे त्या घराण्यातलं वाटत नाही.

एक मजेची गोष्ट. जुनापाणीची वर्तुळं १९६१-६२ मध्ये शास्त्रशुद्ध खणली ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी. त्याआधी १९५४-५५ मध्ये याच थापरांनी आपल्या खानदेशातलं प्रकाशे खणलं होतं, तापी आणि गोमाईच्या संगमावरचं. म्हणजे दोन्ही प्रकारची टेकाडं आतून पाहिलेला माणूस. प्रकाशेला एकावर एक चार कालखंड मिळाले, ताम्रपाषाण काळापासून (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे तो काळ) थेट इसवीसनाच्या ११ व्या शतकापर्यंत. ते थडगं नव्हे, ती वस्ती. गाव त्याच जागी पडत आणि उठत राहिलं, म्हणून जमीन चढत गेली. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठाला अशी पांढरीची टेकाडं पुष्कळ आहेत.

मग खानदेशातले त्या काळचे मृत कुठे आहेत? याचं उत्तर धागाकर्त्यांच्या तालुक्यातच आहे. गिरणेवरचं बहाळ म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ आणि १९५६-५७ मध्ये खणलं. बहाळची वस्ती एका काठावर, आणि नदीच्या पलीकडे टेकवाड्याला त्यांना दफनं मिळाली, काही मडक्यांत आणि एक खड्ड्यात. वर मातीचा ढीग नाही, दगडांचं कडं नाही. खाली पुरलं, वर जमीन सपाट. दक्षिणेला गेलात तर नेवासे, इनामगाव इथे मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरलेलं दिसतं. म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या आपल्या लोकांना मृतासाठी टेकाड उभारायची सवय नव्हती. टेकाड दिसलं की तिथे जिवंत माणसं राहत होती असा अंदाज आधी करावा, थडग्याचा नंतर.

शंकासुर, तुमची शंका रास्त आहे. अरुंद खंतीत दफन न मिळणं म्हणजे दफन नाही असं नव्हे. पण टेकाड कसं उभं राहिलं हे सांगायला एक नीट छेद पुरतो. तो कसा निघाला हे धागाकर्ते सांगतीलच.

थाळनेरकर

थडगी बघायची तर आमच्या थाळनेरला या, फारुकी सुलतानांची चांगली घुमटवाली आहेत. खणायची गरज नाही. ह.घ्या. (हलकेच घ्या)

मृगनक्षत्र

इनामगावबद्दल वाचलं होतं की मृतांचे पाय घोट्यापासून तोडायचे. खरं आहे का? अंगावर काटा आला.

खापरखुणा

खरं आहे. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या पथकाने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं इनामगाव खणलं, दोनशेहून जास्त दफनं मिळाली. प्रौढांना उत्तरेकडे डोकं करून उताणं पुरलेलं, आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. लहान मुलांना दोन राखी मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आडवं ठेवलेलं. मुलांचे पाय तोडलेले नसत. मृताने उठून परत येऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. पटण्यासारखा आहे, आपल्याकडे अजूनही भुताचे पाय उलटे सांगतात. पण हा अर्थ आहे, पुरावा फक्त तोडण्याचा आहे. एक माणूस मात्र चार पायांच्या रांजणात पाय न तोडता बसवलेला मिळाला. तो गावचा प्रमुख असावा असं म्हणतात.

गिरणाकाठचा

खापरखुणाताई, मनापासून आभार. टेकवाड्याचं मी लिहिणारच होतो, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

आता छेद.

थडग्यासाठी रचलेलं टेकाड आणि वस्तीचं टेकाड बाहेरून सारखं दिसू शकतं. आतून नाही. थडग्यावरची माती थोड्या दिवसांत आणून टाकलेली असते. खळ्यावर रास ओतताना दाणे चहूबाजूंनी घरंगळतात, तसे मातीचे पट्टे मध्यापासून कडेकडे उतरते दिसतात. सगळ्याच्या बुडाशी त्या काळची मूळ जमीन दबलेली असते, आणि दफनाचा खड्डा घेतला असेल तर त्याची कड त्या जमिनीला कापत गेलेली दिसते. वस्तीचं टेकाड पिढ्यान्‌पिढ्या चढतं. जमीन चोपली, सारवली, चूल मांडली, राख सांडली, भिंत पडली, त्यावर पुन्हा चोपली. थर पातळ आणि आडवे.

आमच्या खंतीत थर आडवे निघाले. पहिल्यांदा काहीच दिसत नव्हतं, सगळी माती एकाच रंगाची. मग पथकप्रमुख बाईंनी कपाशीवर मारायचा फवारणी पंप मागवला, धुऊन घेतला आणि छेदावर बारीक पाणी मारलं. ओल धरताच रेषा उमटल्या. राखेची करडी, जळक्या मातीची तांबूस, सारवणाची पिवळट. एका ठिकाणी पिवळ्या जमिनीत ओळीने काळसर गोल डाग दिसले. ती खांबांची भोकं, लाकूड कुजून त्यात वरची माती भरलेली. त्या ओळीकडे बघताना थडग्याचा विषय माझ्यापुरता संपला. मेलेल्या माणसाला छपराचे खांब कशाला लागतात?

वरून खाली सांगतो. सगळ्यात वर हातभर उकरलेली माती, प्लॅस्टिकसकट. मग काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि अलीकडची मडकी. त्याखाली जाड पट्ट्यात लाल झिलईची खापरं, सातवाहनांच्या आगेमागे ठेवावीत अशी, आणि मोठ्या विटांचे तुकडे. आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीच्या असतात त्या. मग वीतभर जाडीची माती, जिच्यात काहीच नाही. एक खापर नाही. आणि तिच्या खाली, तळाला लागून, थोडीच पण ओळख पटणारी जोर्वे पद्धतीची (ताम्रपाषाण काळातली) खापरं: तांबूस अंगावर काळ्या रेघा, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी. एका तोटीच्या भांड्याची तोटीसुद्धा.

मधली ती रिकामी माती मला सगळ्यात मोलाची वाटते. गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यातली बरीचशी जोर्वे गावं इसवीसनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडली. पाऊस कमी होत गेला म्हणून, असं ढवळीकरांचं म्हणणं. आमच्या टेकाडातला तो वीतभर पट्टा म्हणजे गाव ओस असतानाचा काळ असावा. नक्की तारीख थरातल्या कोळशाची प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावर कळेल. कोळसा हात न लावता, थापीच्या टोकाने उचलून अॅल्युमिनियमच्या कागदात बांधलाय.

शंकासुर

आणि दगडांचं कडं? हाडं? ती सोयीस्कर विसरलात.

गिरणाकाठचा

विसरलो नाही, टंकतोय.

कड्याचा निकाल सगळ्यात आधी लागला. दगड कुठल्या थरावर टेकलेत हे बघायचं, बस्स. जुनं कडं असतं तर दगडांची बैठक तळच्या थरात असती. इथे दगड उचलल्यावर खाली बांगडीची काच आणि मातीच्या चिलमीचा तुकडा निघाला. म्हणजे चिलमीनंतर दगड आलेत. बऱ्याच दगडांवर लोखंडी नांगराचे ओरखडे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी वखर-नांगराला आडवे येणारे धोंडे वेचून टेकाडाच्या पायथ्याला लोटले, झालं कडं तयार. अर्धवट का, तर ओढ्याच्या बाजूला शेतच नाही!

हाडं निघाली ती गुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची. दाढांवरून लगेच कळलं. काहींवर सुरीचे काप, काही आतल्या मज्जेसाठी फोडलेली, काही भाजलेली. जेवण झाल्यावर उकिरड्यावर टाकलेली हाडं. माणसाचं एकही नाही.

शंकासुर

चिलीम गांजाची असेल तर? तंबाखू पोर्तुगीजांनी आणला म्हणून चिलीम १६ व्या शतकानंतरचीच, हा तर्क लंगडा आहे.

गिरणाकाठचा

म्हणूनच चिलीम एकटी साक्षीला धरलेली नाही, बांगडीची काच आणि नांगराचे ओरखडेही आहेत. आता लोखंडी नांगर गवळी राजाने आणला म्हणालात तर माझा इलाज संपला.

वऱ्हाडी_ठेचा

खांबांची भोकं निघाली म्हणता तर मागे घेतो माझा कौल. पण जुनापाणीला एकदा याच.

कृष्णमृत्तिका

शेतकी महाविद्यालयात माती शिकवते, त्या बाजूने दोन गोष्टी.

काळी कपाशीची माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की कोपरापर्यंत हात जातो. वरची बांगडी, खापर, बाटलीचं बूच भेगेतून सरळ खाली जातं आणि पावसाळ्यात माती फुगून भेग मिटते. त्यामुळे टेकाडाबाहेरच्या सपाट खंतीत खोलवर एखादी नवी वस्तू मिळाली तर गोंधळून जाऊ नये, आणि एखादं जुनं खापर मिळालं म्हणून हुरळूनही जाऊ नये. थर शाबूत आहे की भेगेतून घसरलंय ते आधी बघावं लागतं.

दुसरं, चुनखडी. आपल्या नदीकाठच्या गाळात चुनखडीचे खडे असतात. कधी कधी झाडाच्या मुळाभोवती चुना जमून लांबट, पोकळ नळ्या तयार होतात. नवख्या माणसाला त्या हुबेहूब हाडं वाटतात. माझ्याकडे लोक पिशव्या भरून 'राक्षसाची बोटं' घेऊन येतात. सोपी परीक्षा: सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुनखडी जोरात फसफसते. पण ही परीक्षा खऱ्या हाडावर करू नका, खराब होईल. शंका असेल तर तशीच ठेवून जाणकाराला दाखवा.

गिरणाकाठचा

ताई, तुम्ही खंतीवर असायला हव्या होतात. असल्या नळ्या सपाट खंतीत निघाल्या आणि अख्खं गाव 'बोटं निघाली, बोटं निघाली' म्हणत गोळा झालं होतं.

धाब्यावरचा

धागा फार आवडला. एक जुनी आठवण लिहितो. आमच्या लहानपणी धाब्याच्या घरांवर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे, पाणी झिरपू नये म्हणून. ती माती यायची कुठून? गावच्या जुन्या टेकाडावरून. बैलगाड्या लागायच्या ओळीने. तीच माती शेतात खत म्हणून पण घालायचे, पीक जोमदार येतं म्हणून. आमच्या इथलं टेकाड आमच्या डोळ्यांदेखत निम्मं झालं. त्यात मणी, शिक्के, मातीचे बैल निघायचे आणि आम्ही पोरं ते खेळायला घ्यायचो. म्हणजे जेसीबी नंतर आला, टेकाडं खायला आम्ही आधीच सुरुवात केली होती. :(

खापरखुणा

अगदी. राख, शेण, हाडं मुरलेली माती, म्हणून खत म्हणून जोर धरते. सगळ्या दख्खनभर हेच झालंय. वाईट याचं वाटतं की टेकाड कडेने खाल्लं जातं आणि कडेलाच बऱ्याचदा उकिरडे आणि खड्डे असतात. कोण काय खात होतं, काय पेरत होतं ते तिथेच कळतं. माती पाण्यात कालवली की जळकी धान्यं तरंगून वर येतात, ती गाळून घेतात. धागाकर्ते, तुमच्याकडे हे केलं का?

गिरणाकाठचा

केलं. चुलीजवळची माती पोत्यांत भरून नेली आहे. तिथल्या तिथे टिपात कालवून बघितलं तेव्हा काही दाणे वर आले, पण कसले ते मी सांगत नाही. ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं त्यांनी सांगावं.

पाटणादेवी

चाळीसगाव तालुक्याची गोष्ट चालली आहे आणि पाटण्याचं नाव कुणी काढलं नाही? १९७२-७३ मध्ये सा. अ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. तुमच्या जोर्वेवाल्यांपेक्षा वीस हजार वर्षांनी तरी जुना.

खापरखुणा

+१. पण तो अश्मयुगाचा विषय, स्वतंत्र धागा काढा. नक्की येईन.

मृगनक्षत्र

एक भाबडा प्रश्न. सापडलेल्या वस्तू गावातच का ठेवत नाहीत? निदान धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात तरी. १९२७ पासूनची संस्था आहे, जवळ पडते.

गिरणाकाठचा

हा प्रश्न गावातही तावातावाने निघाला. उत्खननाला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. राज्याच्या खात्याला खणायचं असलं तरी केंद्राची मंजुरी घ्यावीच लागते. परवाना ज्याच्या नावे, त्याच्या ताब्यात वस्तू अभ्यासासाठी राहतात आणि अहवाल लिहिणं ही त्याची जबाबदारी असते. त्यामुळे लगेच गावात काही राहत नाही. गावकऱ्यांचा राग मला समजतो. आपल्या मातीतून टोपल्या भरून जातात आणि परत कुणी फिरकत नाही, असं याआधीही झालेलं आहे. या पथकाने निदान शेवटच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर खापरं मांडून तासभर समजावून सांगितलं. पोरांनी तोटीच्या भांड्यावरून बाईंना बेजार केलं.

शंकासुर

बरं, एवढं सगळं झाल्यावर निष्कर्ष काय? थडगं नाही, एवढंच?

गिरणाकाठचा

एवढंच नाही. टेकाड माणसांच्या राहण्याने चढलेलं आहे, दोन वेगळ्या काळांत वस्ती होती, मध्ये ओस काळ आहे, आणि तळचा ताम्रपाषाण थर जेसीबीच्या पात्यापासून वाचलेला आहे. मोठ्या उत्खननाचा प्रस्ताव करायला हे पुरतं. माझं मत विचाराल तर थडगं निघण्यापेक्षा हे बरं झालं. थडग्यात एका माणसाचा शेवटचा दिवस सापडतो, इथे चुलीशेजारी कित्येक पिढ्यांचं रोजचं जगणं पडलेलं आहे. गावाचा मात्र विरस झाला. पाटीवर 'राजाची समाधी' लिहायचं ठरलं होतं.

आता मृतांचं. खापरखुणाताईंनी टेकवाड्याचं सांगितलं, पथकाच्या डोक्यातही तेच होतं. शेवटी शेवटी ओढ्याच्या पलीकडच्या सपाट शेतात सगळे ओळीने चालत गेलो, नजर जमिनीवर. एका पट्ट्यात जाड, राखी रंगाच्या मोठ्या मडक्यांचे तुकडे दाटीने मिळाले. इनामगावला मुलांना पुरायला वापरलेली मडकी अशीच. पण धान्य साठवायलाही अशी मडकी वापरत, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. तिथे एक लहान खंत घेणं एवढाच उपाय.

वाघूर

मग घेतली का?

गिरणाकाठचा

नाही. शेतमालक तयार नाहीत. ठिबकच्या नळ्या अंथरल्यात, मृगात कपाशी लावायची आहे, आणि त्यांना खरी भीती वेगळीच. 'काही निघालं तर सरकार जमीन ताब्यात घेईल, मग मी काय पेरू?' यावर पथकाकडे लगेच देण्यासारखं उत्तर नव्हतं आणि मला त्यांचं अजिबात चुकीचं वाटलं नाही. संमतीशिवाय खणत नाहीत, पिकाचं नुकसान ठरवून देतात, चाचणी झाल्यावर तळाला कागद अंथरून खंत बुजवून देतात, हे सगळं सांगून झालं. कपाशी निघाल्यावर, रान मोकळं असताना पुन्हा बोलू, असं म्हणालेत. भावाला विचारावं लागेल, सातबारावर दोघांची नावं आहेत.

धाब्यावरचा

भाऊच आडवा येणार, लिहून ठेवा. खानदेशात जमिनीचा विषय आहे हा.

तापीवरचा_भो

भो, एक विचारानं ऱ्हायनं. मना वावरमा बी जाड राखी खापरं निंघतस, नांगरतांना. मी ती बांधवर टाकी देस. काय करानं?

खापरखुणा

दादा, यापुढे उचलू नका आणि धुऊही नका. जिथे दिसतील तिथेच, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा. गट नंबर आणि बांधापासून किती पावलं ते वहीत लिहा. बांधावर टाकलेली वेगळ्या पिशवीत भरा आणि ती कुठल्या बाजूची ते आठवत असेल तर चिठ्ठी टाका. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं नाशिकला कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि त्या पट्ट्यात यंदा खोल नांगरट टाळता आली तर टाळा, वखरावर भागवा.

तापीवरचा_भो

वखरवर भागी जाई ताई. मक्का पेरना शे. फोटो उद्या टाकस.